ट्रॉलीचे उपकार

माझ्या गावात मी उपकाराची जाण नसलेली बाई म्हणून ओळखली जाते. गाव बार्शीटाकळीजवळ आहे. अमरावतीहून मी तिथे वर्षातून तीन-चारदा जाते आणि दर वेळी कोणी ना कोणी मला हे ऐकवतंच. त्याचं मला वाईट वाटत नाही, राग मात्र येतो, कारण ते खोटं आहे. सरकारी दवाखान्यात बावीस वर्षं मी परिचारिका आहे. रोज सकाळी पहिला चहा वॉर्ड झाडणाऱ्या बाईंच्या हातात देते, मग माझा घेते. रात्रपाळी संपवून निघणाऱ्या सिस्टरला, तिने कोणता पेशंट कसा सांभाळला ते सांगितल्याशिवाय जाऊ देत नाही. मध्यंतरी आमचं एक प्रशिक्षण झालं. त्यात सगळ्यांना एकेक वही दिली आणि रोज तीन गोष्टींबद्दल कृतज्ञता लिहायला सांगितलं. मी वही परत केली. ज्याचे आभार मानायचे तो माणूस समोर असताना वहीला कशाला सांगायचं?

तर माझ्या नावावरचा हा डाग एका ट्रॉलीमुळे लागला आहे. दहावीच्या परीक्षेच्या दिवशी एसटी आली नाही. गावचे पाटील ट्रॅक्टर घेऊन बार्शीटाकळीला निघाले होते. मायने हात जोडले, त्यांनी मला ट्रॉलीत बसवलं आणि मी पेपरला वेळेवर पोचले. उतरल्यावर मी त्यांच्या पाया पडून आभार मानले. त्या पावसाळ्यात मायने त्यांच्या पराटीचं, म्हणजे कपाशीचं, निंदण-खुरपण काही न घेता करून दिलं. माझ्या हिशेबी विषय तिथेच संपला होता. पण त्यानंतर तीस वर्षं पाटील ही गोष्ट सांगत आले आहेत. सांगता सांगता एका सकाळची ट्रॉली रोजची झाली. पुढे माझी पुस्तकंही त्यांनीच घेऊन दिली, आणि अलीकडे ऐकलं की अकोल्याच्या नर्सिंग कॉलेजातला प्रवेशही त्यांच्याच शब्दावर मिळाला होता. बौद्धवाड्यातली पोरगी शिकली म्हणजे कोणीतरी शिकवली असणार, हे गावाने धरूनच ठेवलं होतं.

मागच्या वर्षी मला कामाबद्दल जिल्ह्याचा पुरस्कार मिळाला आणि गावाने सत्कार ठरवला. कार्यक्रम विहारासमोरच्या मैदानात, अध्यक्ष पाटील. आदल्या संध्याकाळी गावातले एक निवृत्त गुरुजी घरी आले आणि त्यांनी माझं भाषण माझ्या हातात दिलं. लिहिलेलं, सुवाच्य अक्षरात. दीड पानात पाटलांचं नाव सात वेळा होतं. मी म्हटलं, गुरुजी, एवढं तर मी त्यांच्या घरची असते तरी म्हटलं नसतं. गुरुजी हसले नाहीत. मायकडे बघत म्हणाले की बाईंना जरा समजावा.

मायला समजावायची गरज नव्हती, तिला सगळं आधीच समजलेलं होतं. तिचं दोन एकर वावर पाटलांच्या वावराच्या पल्याड आहे आणि तिथे जायची वाट पाटलांच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जाते. कागदावर ती वाट आहे, पण कागद तहसीलला असतो आणि पाटील गावात. मी तिला अमरावतीला चल म्हणून कितीदा म्हटलं, ती येत नाही. सत्तरी ओलांडली तरी तिला रोज वावरात जायचं असतं, आणि ती वाट बंद झाली तर तिचं कसं होईल हे मला कळत होतं. रात्री ताटावर बसल्यावर ती एवढंच म्हणाली, "पाटलाचं नाव घेजो बाप्पा. तू जाशीन अमरावतीले. मले इथंच राहाचं हाय."

मी हो म्हटलं. खरंच म्हटलं, मनापासून.

दुसऱ्या दिवशी माझ्या आधी पाटील बोलले. ट्रॉलीपासून सुरुवात करून कॉलेजपर्यंत आले आणि शेवटी म्हणाले की आपण हात दिला नसता तर ही आज कोणाच्या तरी वावरात निंदत असती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. समोर पहिल्या रांगेत, आयुष्यभर लोकांच्या वावरात निंदलेली माझी माय बसली होती. ती पण टाळ्या वाजवत होती.

माझं डोकं फिरलं. गुरुजींचा कागद मी घडी करून पर्समध्ये टाकला आणि माइक हातात घेतला. म्हटलं, पाटलांनी मला एकदा ट्रॉलीत बसवलं, त्याचे आभार मी त्याच दिवशी मानले आहेत. आज बाकीच्यांचे मानते. मग सांगत गेले. आमच्या फाट्यावर थांबा नसताना रोज एसटी थांबवणारे कंडक्टर. अकोल्याच्या वसतिगृहात आजारपणात माझ्यासाठी वेगळी पेज करणाऱ्या स्वयंपाकीण बाई. माझा हात धरून शीर कशी शोधायची ते शिकवणाऱ्या मोठ्या सिस्टर. एकदा मध्येच काम सोडून माझ्या पेशंटसाठी रक्त द्यायला धावलेला लिफ्टमन. टाळ्या पडल्या नाहीत. पाटील खाली बघून शालीचं टोक नीट करत होते.

घरी येईपर्यंत माय माझ्या चार पावलं पुढेच चालत राहिली. मला वाटलं, वाटेची चिंता असेल. मी तहसीलला अर्ज करू म्हटलं, मोजणी आणू म्हटलं. तिने चूल पेटवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "सगळ्याइचं नाव घेतलं तुनं. माह्यं नाई घेतलं."

आमच्याकडे घरच्या माणसाचे आभार मानत नाहीत. मानले तर समोरचा म्हणतो, मले परकं केलं काय. मी तेच तिला म्हटलं, की घरच्याइचे आभार कोणी मानते काय. "काहून नाई मानत?" ती म्हणाली. "मी काय घरातली दाण्याची कोठी हावो?"

सकाळी तिच्याबरोबर वावरात निघाले. धुऱ्याच्या तोंडाशी बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या, ताज्या तोडलेल्या. कोणी टाकल्या ते विचारायचं कारण नव्हतं. हे माझ्या जिभेमुळे झालं होतं आणि मी दुपारच्या गाडीने निघून जाणार होते. मायने पदर खोचला, विळ्याने एक फांदी ओढली आणि मला म्हणाली, तिकून धर. आम्ही दोघींनी एकेक करून सगळ्या बाजूला फेकल्या. हात सोलवटले.

शेवटची फांदी टाकून ती उभी राहिली तेव्हा मी बोलायला लागले. म्हटलं, माय, पावसाळ्यात फाट्यापर्यंत गुडघाभर चिखल असे. तू माझे बूट पिशवीत आणि पाण्याची कॅन डोक्यावर घेऊन यायचीस. फाट्यावर माझे पाय धुवायचीस, पुसायचीस, बूट घालायचीस. चिखलाच्या पायाने शाळेत गेलं तर कोणत्या वस्तीतली पोरगी आहे ते लोक पायावरून ओळखतील, म्हणून. आणि तू तशाच चिखलाच्या पायांनी पुन्हा कामावर जायचीस. पाच वर्षं. मी कधी काही म्हटलं नाही. आज म्हणते. तुझे आभार.

मायने सगळं ऐकून घेतलं. मग विळा कमरेला खोचत म्हणाली, "हे काल माइकवर सांगाचं होतं. पाटलासमोर."