पावडरीची वेळ

कुकटपल्लीच्या जिममधला ट्रेनर पहिल्याच दिवशी माझ्या डोक्यात गेला. दंड पिळदार करायचे म्हणून त्याने माझा भात आणि भाकरी बंद केली, आणि अमिनो ॲसिडची पावडर व्यायामाच्या बरोबर अर्धा तास आधी घ्यायला लावली. तिसऱ्या आठवड्यात वजन उचलताना मला अंधारी आली आणि मी कोसळलो. कोपरातून रक्त येत होतं.

तो वाकून म्हणाला, "पावडर कितने बजे लिए?"

"खून निकल रहा मेरा," मी म्हणालो.

"टाइम चूक गए तुम, इसलिए गिरे."

उरलेली पावडर मी त्याच्यासमोरच कचऱ्यात ओतली आणि निघालो. घरी बायकोने जखम धुतली, भात वाढला. जेवतानाही मी त्या माणसाला मनात शिव्या घालत होतो.