उरलेलं पाणी

ईईजी, म्हणजे मेंदूचा आलेख, काढायचा तर डोक्याला तारा चिकटवायच्या, आणि केसांना तेल असलं की त्या चिकटत नाहीत. त्या दुष्काळात फिट येणारे पेशंट मी वडवणीहून जीपनं अंबाजोगाईला न्यायचो. तिथले ईईजीवाले मामा घरून आणलेल्या कळशीतलं पाणी वापरून त्यांची डोकी धुवायचे. एका डोक्याला एकच तांब्या. धुताना मामांची बोटं मधेच थांबायची.

"हितं हाय," मामा पुटपुटायचे. मग मशीनवर नेमक्या तिथल्याच तारेची रेघ उसळायची.

एकदा मी हसत म्हणालो, "मामा, माझंबी बघा की."

बोटं उजव्या कानामागं थांबली.

"मला कधी फिट न्हाई आली, मामा."

त्यांनी उरलेली सगळी कळशी माझ्या डोक्यावर रिकामी केली.

"बसा खुर्चीवर," ते म्हणाले.