ओजस्विनीने दिलेलं उत्तर

वाशीमची ओजस्विनी चंडीगडच्या एका मोठ्या इस्पितळात डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्या वॉर्डात पिंजौरचे गुरबचन सिंग होते. उभी हयात त्यांनी बस चालवली होती. यकृताचा कॅन्सर हाताबाहेर गेला होता, पण घरच्यांनी त्यांना ते कळू दिलं नव्हतं.

एका सकाळी ती रक्तदाब मोजत असताना त्यांनी तिचा हात धरला. “पुत्तर, मैं ठीक हो जाऊँगा ना?”

ओजस्विनीला हिंदीचा एक शब्द सुचेना. घाबरून तोंडून मराठीच निघालं, “मला नाही हो सांगता येत, बाबा.”

ते तिच्याकडे बघून हसले.

दुपारी त्यांची सून आनंदाने सांगत आली, “बाबूजी आज पोटभर जेवले. तुम्ही म्हणालात ना, बरं होईल म्हणून, तेच सांगत होते!”

ओजस्विनी हबकली. तिने सीनियर हेरंबला गाठून सगळं सांगितलं.

“तू खोटं बोललीस?” त्याने विचारलं.

“नाही. पण मराठीत बोलले, त्यांना खरं कळलंच नाही ना!”

“मग जाऊन सांगणार आहेस?”



त्याच आठवड्यात गुरबचन सिंग घरी निघाले. निघताना ते मुलाला म्हणाले, “सगळ्या बहिणींना बोलावून घे.” आनंदासाठी की निरोपासाठी, ओजस्विनीला काही उमगेना. त्यांनी तिलाही पिंजौरला यायचं आवतण दिलं. तिने मान डोलावली खरी, पण तिथे जाऊन आपण काय बोलणार, हे तिला अजूनही ठाऊक नाही.