दादाचं यॉर्कशायरी इंग्रजी

दादा गेल्यावर मी त्याच्या दुबईजवळच्या अजमानमधल्या घरी आले, तेव्हा ऑफिसातल्या कोणीतरी त्याच्या एका भाषणाचं रेकॉर्डिंग वहिनीला पाठवलं होतं. त्याचा आवाज पुन्हा ऐकायला मिळेल म्हणून मी जवळ सरकून बसले.

दादा उमेदीची वर्षं यॉर्कशायरमध्ये राहिला होता, हे मला ठाऊक होतं. पण हे जाडसर, तुटक इंग्रजी बोलणारा माणूस मला ओळखता येईना. माझ्याशी तो फोनवर नेहमी मालवणीतच बोलायचा.

भाचीचे डोळे मात्र भरून आले. “दॅट्स हिम, आत्या. एक्झॅक्टली हिम.”

“आणि माझ्याशी मालवणी बोलायचा, तो?”

“ते फनी वाटायचं. लाइक, पप्पा कोणाची तरी नक्कल करतायत.”

मला तर हे रेकॉर्डिंगमधलं बोलणंच नक्कल वाटत होतं. मी वहिनीकडे पाहिलं. तिच्याशी तो पुण्याचं मराठी बोलायचा. ती एवढंच म्हणाली, “परत लाव गं.”

या खेपेला माझं लक्ष गेलं: भाषणात एका ठिकाणी लोक हसले, त्यांच्यात तोही हसला. ते हसणं ओळखीचं वाटलं, पण खात्री होईना. मग मीच भाचीला म्हटलं, “आणखी एकदा.”