रिकाम्या यार्डाची भीती

साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मला घरात बसवत नाही. हंगामाचे पाच महिने मी ऊस यार्डात असतो. आलेल्या ट्रॅक्टरांना आणि बैलगाड्यांना नंबर द्यायचा, रांगा लावायच्या, वजनकाट्यावर सोडायचं, हे माझं काम. मग एक दिवस गाळप थांबतं आणि दुसऱ्या दिवसापासून मोजायला काही उरत नाही. घरी मी पाण्याच्या टाकीची पातळी दिवसातून तीनदा बघायला लागतो. बायको म्हणते, जा कुठंतरी.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात जायला जागा मिळाली. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन बारामतीला झालं आणि त्यांच्याजवळ राहायला मी आणि बायको तिच्या माहेरी गेलो. गाव इंदापूर तालुक्यात, धरणाच्या फुगवट्याच्या काठावर. पलीकडचा तालुका समोर दिसतो, पण रस्त्यानं जायचं तर सगळ्या पाण्याला वळसा. म्हणून तिथं लाँच चालते आणि अलीकडे तराफाही. तराफा म्हणजे सपाट लोखंडी होडी. एका खेपेला सहा चारचाकी आणि वीसेक मोटारसायकली जातात. जाऊन-येऊन, चढवून-उतरवून एक तास.

सकाळची पहिली खेप पलीकडून येते. लोणी देवकरच्या कंपन्यांत पहिल्या पाळीला जाणारी मुलं मोटारसायकली चालू ठेवूनच तराफ्यावर उभी असतात. नंतर भाजीचे टेम्पो, नंतर पाहुणेरावळे. लग्नसराईत मात्र रविवारी धक्क्यावर गाड्यांची अशी दाटी व्हायची की उतरणाऱ्या गाडीला बाहेर पडायला वाट नसायची. एकदा चढणारा आणि उतरणारा समोरासमोर आले आणि दोघांनीही इंजिन बंद करून खाली उतरून हाताची घडी घातली. पाऊण तास तराफा तसाच उभा.

तराफा चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष गावातलेच. सगळे त्यांना आबा म्हणतात. मी कारखान्यात काय करतो हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मला धक्क्यावर गाठलं.

"पाव्हणं, तुमी तिकडं पाचशे गाड्या हाकता. आमच्या पन्नास तुमाला काय जड हायत?"

"हाकत नाही आबा, उभ्या करतो."

"मग उब्या करा. जागा किती लागती तेवडं कागदावर मांडून द्या. पाटबंधारे खात्याकडं अर्ज करू, धक्का वाढवून घिऊ."

मला कामच हवं होतं. दोन रविवार मी वही घेऊन धक्क्यावर बसलो. दर पंधरा मिनिटांनी उभ्या गाड्या मोजल्या. दुपारी बाराला एकदा एक्केचाळीस भरल्या, दुसऱ्या रविवारी सत्तेचाळीस. वाढ धरून मी साठ गाड्यांचा हिशेब केला. एका गाडीला अठरा फूट लांबी, नऊ फूट रुंदी, त्यावर वळायला निम्मी जागा. साठ गाड्यांना साडेचौदा हजार चौरस फूट, म्हणजे साडेतेरा गुंठे. मोटारसायकली कडेनं धरून चौदा. धक्क्यावर मोकळी जागा होती चार गुंठे. आणखी दहा हवे होते.

ते दहा गुंठे एकाच बाजूला होते, कारण दुसऱ्या बाजूला खडक आहे. पाणी उतरलं की उघडी पडणारी गाळाची जमीन खातं वर्षापुरती कसायला देतं. तिला गाळपेर म्हणतात. धक्क्यालगतचा वीस गुंठ्यांचा पट्टा अक्काकडे होता. अक्का माझ्या बायकोची थोरली चुलतबहीण. त्या वर्षी तिनं तिथं कलिंगड लावलं होतं आणि वेलांना नुकती मुठीएवढी फळं धरली होती.

हे मला माहीत होतं. कागदावर मी काही लपवलं नाही. 'गाळपेर, एक पट्टा, पीक उभे' असं स्वच्छ लिहिलं आणि सही करून आबांना दिलं. माझ्या मनात असं होतं की अर्ज हलायला पावसाळा येईल, पीक निघून जाईल, आणि पुढच्या वर्षी अक्काला दुसरा पट्टा मिळेल. हे मनातलं मी कागदावर लिहिलं नव्हतं. जे मोजलं नाही ते लिहायचं नाही, अशी माझी सवय आहे.

अर्ज आठवड्यात हलला. खात्याचा माणूस बुधवारी आला आणि माझ्या आकड्याप्रमाणे अक्काच्या रानातून पांढऱ्या फक्कीची रेघ मारून गेला. रेघ वेलांवरूनच गेली होती.

संध्याकाळी बायकोनं ताटं घेताना विचारलं, "तुम्ही दहा गुंठे मोजलेत. वरच्या दहा गुंठ्यांना पाणी कुठून जाणार?"

मी म्हणालो, "म्हणजे?"

"तिचा पाइप धरणाच्या पाण्यातून येतो. खालच्या रानातूनच."

मी जेवलो नाही नीट. दहा गुंठ्यांचा आकडा वीस निघाला होता आणि तो चुकला होता माझ्याकडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धक्क्यावर गेलो, कारण दुसरीकडे जाववेना. अक्काच्या रानाकडे बघायचं टाळत होतो. एक वडापची, सीट भरून धावणारी जीप उभी होती. चालक डोक्यावर टॉवेल टाकून जीपच्या तुटपुंज्या सावलीत बसला होता. मला बघून म्हणाला, "तुमीच का ते यार्ड मोटं करनार?"

"हो. साठ गाड्यांचं."

"आरं वा. म्हंजी आता उनात तापायला आमाला प्रशस्त जागा."

शेजारचा टेम्पोवाला हसला. "तसं न्हाय रं. आदी साठ जन एकामेकाला शिव्या द्यायचं, आता वळीनं देतील."

मी तिथून हललो, पण ते डोक्यातून हलेना. माझ्या यार्डात गाड्या चोवीस तास उभ्या राहतात आणि ते कुणाला वावगं वाटत नाही. उलट यार्ड रिकामं दिसलं की मी फाटकापर्यंत जाऊन रस्ता बघून येतो. ऊस नाही म्हणून गव्हाण, म्हणजे ऊस आत ओढणारी साखळी, थांबली, तर सगळ्या कारखान्याचं तोंड यार्डाकडे वळतं. त्यामुळे भरलेलं यार्ड दिसलं की बरं वाटतं, ही माझी वीस वर्षांची खोड. मी धक्क्यावरही तेच केलं होतं. लोकांना उभं राहायला लागू नये म्हणून नव्हे, तर उभं राहता यावं म्हणून जागा काढली होती. तराफा ही काही गव्हाण नाही. त्याला एका वेळी सहा गाड्या लागतात. साठ तिथं कशाला?

उपायही कारखान्यातच होता, आणि तो मला आधी सुचला नाही याची लाज वाटली. ऊस यार्डात येऊन थांबू नये म्हणून आम्ही शेतावरच तोडीची चिठ्ठी देतो. चिठ्ठी आली की तोडायचं, नाही आली तर ऊस उभा राहू द्यायचा. तसं गाड्यांना वरच थांबवायचं. धक्क्यापासून तीन किलोमीटरवर फाटा आहे. तिथं चिंचेची झाडं आहेत, चहाचं हॉटेल आहे, पाणी आहे. तिथंच नंबर आणि खेपेची वेळ द्यायची. खाली दोन खेपांपुरत्या गाड्या सोडायच्या, म्हणजे बारा. बारा गाड्यांना आणि मोटारसायकलींना आहेत तेच चार गुंठे पुरतात.

मी आबांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, मग सुपारी कातरली.

"परवा साठ म्हनला. आज बारा. उद्या म्हनाल होडीच नको, पवत जावा."

"साठचा हिशेब खरा आहे आबा. विचार चुकला."

"लोकं वर थांबत्याल?"

"करून बघू. येत्या रविवारी तयारी करतो, पुढच्या रविवारी लग्नाची मोठी तिथ आहे. त्या दिवशी जमलं तर कागद बदला."

"आन न्हाय जमलं तर?"

"तर रेघ आहेच."

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अक्काला सांगून या."

मी नाही म्हणालो. काट्यावर वजन पडल्याशिवाय मी कुणाला टनाचा आकडा सांगत नाही. अंदाज सांगावा आणि तो खोटा निघावा, हे मला खपत नाही. एकदा तिच्या रानात रेघ पडली होती. आता रेघ जाईल म्हणून सांगायचं आणि पुन्हा राहिली म्हणून सांगायला जायचं, हे दोनदा मारण्यासारखं वाटलं. पक्कं झालं की सांगू, म्हणालो. बायको आईच्या खोलीत गेली. त्या आठवड्यात अक्का एकदा वाटेत भेटली. "जयभीम, दाजी," म्हणाली, सासूबाईंचा गुडघा विचारला आणि गेली. रेघेचं काही काढलं नाही. मी पण काढलं नाही.

पहिल्या रविवारी मी पुठ्ठ्याचे नंबर केले, हॉटेलवाल्याला पद्धत समजावली. तो फाट्यावर नंबर देणार, मी धक्क्यावरून फोन करून गाड्या मागवणार. त्याला काम लगेच कळलं, कारण त्याचा भाऊ ऊसतोडीच्या गाडीवर होता.

मोठ्या तिथीच्या रविवारी सकाळी नऊपासून गाड्या आल्या. मी आधी फाट्यावर थांबलो. वडगाव निंबाळकरचं वऱ्हाड होतं, चौदा गाड्यांचं. पुढच्या गाडीतून नवरदेवाचे मामा उतरले.

"नवरदेवाच्या गाडीला बी नंबर?"

"सगळ्यांनाच आहे. सत्तावीस."

"मुहूर्त काय तुमच्या नंबरवर लागलाय का?"

हॉटेलवाला कळशीतलं पाणी ओतत म्हणाला, "सायेब, तुमच्या कारखान्यात जळीत ऊस आदी घेत्यात ना? नवरदेव जळीत हाय. सोडा फुडं."

वऱ्हाड हसलं. मामाही हसले. नियमात जळीत उसाला सवलत आहे, तेव्हा मी नवरदेवाची एक गाडी सोडली आणि बाकीच्या तेरा चिंचेखाली राहिल्या. बायका उतरल्या, मुलांना पाणी पाजलं, कुणी साडी बदलायला हॉटेलच्या मागच्या खोलीत गेलं.

मग मी मोटारसायकलवर खाली आलो आणि दिवसभर वही भरली. चारजणांनी नंबर न घेता गाडी घातली, त्यांना परत वर पाठवलं. एक भांडला. पण धक्क्यावर एका वेळी जास्तीत जास्त उभ्या गाड्या होत्या अकरा. उतरणाऱ्याला वाट मोकळी. तराफा एकदाही अडला नाही, आणि अंधार पडायच्या आत नेहमीपेक्षा दोन खेपा जास्त झाल्या.

दुपारी तीनला आबा येऊन बघून गेले होते. मोकळ्या धक्क्याकडे बघून त्यांचा चेहरा उतरला. "धंदा बसल्यागत दिसतंय की," म्हणाले. मला त्यांचं दुखणं बरोबर कळलं. मी फाट्यावर फोन लावून स्पीकर चालू केला. तिकडून हॉटेलवाला ओरडून सांगत होता की अजून एकोणीस आहेत आणि दूध संपलंय. तेव्हा कुठं आबांना बरं वाटलं.

संध्याकाळी त्यांनी वही पाहिली. "मुरूम बी वाचला," म्हणाले. "लिवा नवा कागुद. जुना मी मागं घेतो." मी तिथंच लिहिला. त्यांनी सही केली, शिक्का मारला. एक प्रत मी मागून घेतली.

सोमवारी सकाळी ती प्रत खिशात घालून मी अक्काच्या रानात गेलो. रेघ पडून बारा दिवस झाले होते.

इतके दिवस धक्क्यावरून मी तिकडे नजर टाकली नव्हती; रान लांबूनच करपलेलं दिसलं. पानं खाली मुडपली होती, कडा तपकिरी. फळं होती तेवढीच राहिली होती, काहींच्या सालीला सुरकुती. पाइप गुंडाळून बांधावर ठेवलेला. अक्का झेंडूच्या चार झाडांची फुलं तोडत होती. ती झाडं घरून आणलेल्या पाण्यावर जगली होती.

मी कागद पुढे केला. "अक्का, रेघ रद्द झाली. जागा लागत नाही."

तिनं कागद हातात घेतला, वाचला, शिक्का बघितला. ती सातवीपर्यंत शिकलेली आहे.

"कदी ठरलं?"

"काल. पण अकरा दिवसांपूर्वीच सुचलं होतं. काल पक्कं झालं."

"अकरा दिस तुमाला ठावं हुतं?"

"ठाऊक नव्हतं. प्रयत्न चालू होता."

ती कागदाची घडी घालत राहिली. मग म्हणाली, "जे आपलं न्हाय त्याला पानी कशाला, म्हून मी पाइप काडला. डिझेल बी दुसऱ्याच्या रानाला दिलं. दाजी, तुमी नुसतं म्हनला असता, 'बगतोय' म्हून, तरी मी पानी सोडलं असतं."

"जमलं नसतं तर?"

"तर न्हाय जमलं. पानी वाया गेलं असतं. पान्यानं काय हुतंय, समोर समिंदर हाय."

मी ओळी मोजायला लागलो. बावीस होत्या. पाण्याकडच्या सात ओळींत ओल टिकली होती, शेंडे हिरवे होते. मी म्हणालो, सात वाचतील.

"मोजू नका आता. पाइप धरा."

आम्ही पाइप सोडला. टाकीत थोडं डिझेल उरलं होतं; तिनं इंजिनाला दोरी मारली, तिसऱ्या झटक्याला चालू झालं. खिशात फोन वाजत होता, फाट्यावरून. नंबर आता रोज चालणार होते आणि आपल्या बाजूची पहिली खेप भरायची होती. मी तो घेतला नाही. पाणी सातव्या ओळीच्या टोकाला पोचेपर्यंत पाऊण तास लागला. तोवर धक्क्यावर दोन गाड्यांची बाचाबाची झाल्याचं नंतर कळलं.

पाच ओळी धरल्या. माझा अंदाज दोनानं चुकला. फळं लहान राहिली, आणि अक्कानं त्यातली दोन आमच्या घरी पाठवली. एक आतून फिकं निघालं. बायकोनं त्याच्या फोडी करून माझ्यासमोर ठेवल्या आणि मी खाल्ल्या.

हंगाम लागला, मी यार्डात परतलो. फाट्यावरचे नंबर अजून चालू आहेत. यंदा दुसऱ्या तराफ्याची बोलणी सुरू झाली आहेत. पट्टा पडायच्या आतच आबांचा फोन आला, या आणि पुन्हा एकदा मोजून द्या. मी हो म्हणालो आणि फोन ठेवल्या ठेवल्या अक्काला लावला. सांगितलं की दुसरा तराफा येतोय, जागेचं अजून काहीच ठरलेलं नाही, मी मोजायला येणार आहे, काय निघेल सांगता येत नाही.

"मंग फोन कशाला केला?" ती म्हणाली.

"काही ठरलेलं नाही हे सांगायला."

पलीकडे इंजिनाचा आवाज येत होता.

"बरं," ती म्हणाली. "ठिवते मग. पानी चालू हाय."