बादलीभर समुद्र

९ जून २०१३. अंगणात बसून धानाचं बियाणं मिठाच्या पाण्यात सोडते आहे. बादलीत मीठ विरघळवत जायचं, कच्चं अंडं वर आलं की पाणी जमलं. मग धान टाकायचं. भरलेला दाणा तळाला जातो, पोचट वर राहतो. पोचट काढून टाकायचं. दरवर्षीचं काम आहे. यंदा मात्र त्या अंड्याकडे बघवत नाही. का, ते मी कुणालाही सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते.

मी हळवी बाई नाही. चूक झाली तर झाली म्हणते आणि पुढच्या कामाला लागते. मग हीच एक का अडकून बसली? मला खरंच कळत नाही.

२००२ चा डिसेंबर. तेव्हा मी चिचगडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. नववीत सुकेशिनी नावाची मुलगी होती. शाळेच्या कपाटातल्या एका जुन्या मासिकात तिनं बर्फयुगातल्या समुद्राबद्दल वाचलं, आणि माझ्या मागेच लागली. बर्फयुग म्हणजे सलग थंडी नव्हती म्हणे — मधेच हवामान झपाट्यानं पालटायचं, एखाद्या माणसाच्या हयातीत. कारण समुद्र. उत्तरेकडे खारं पाणी थंड होतं, जड होतं, तळाला जातं, आणि त्याच्या जागी दक्षिणेचं उबदार पाणी येतं. पण बर्फाचे डोंगर वितळले की गोडं पाणी वर झाकणासारखं पसरतं. खालीवर होणं थांबतं. ऊब येणं थांबतं.

"पोचट धानासारखं, मॅडम," ती म्हणाली. "हलकं ते वर राहते."

मला वीस मिनिटं लागली होती ते समजायला. तिनं समुद्र कधी पाहिलेला नव्हता. "चोरखमाऱ्याच्या तलावाहून किती मोठा असते जी?" असं विचारायची. मीही पाहिलेला नव्हता, पण तसं सांगितलं नाही. — बघा, हेही एक. पण मला हे सांगायचं नाही.

तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन त्या वर्षी आमच्याच शाळेत होतं. पहिला नंबर गोंदियाला जाणार होता. सुकेशिनीनं काचेची पेटी आणली. तिच्यात खारं पाणी भरायचं, तो समुद्र. वरून लाल रंग घातलेलं, बर्फ वितळवलेलं गोडं पाणी हळूच सोडायचं. ते वर पसरून राहिलं की झालं. मिठाचं पाणी तिनं आदल्या संध्याकाळीच बादलीत तयार करून टेबलाखाली ठेवलं होतं. आमच्याकडे जसं करतात तसंच — अंडं टाकून.

सकाळी सर्वांत आधी मी पोचले. झाडलोट, टेबलं, फलक, सगळं माझ्याकडे होतं. सुकेशिनीच्या शेजारच्या टेबलावर धानाच्या बियाण्याचा प्रयोग होता. खाली बादली दिसली, तिच्यात अंडं. मला वाटलं, त्यांचंच उरलेलं पाणी. इथल्या कुठल्याही बाईला तेच वाटलं असतं — नाही, हे वाक्य सोडा. मला वाटलं. मी पाणी नालीत ओतलं. अंडं खिचडी शिजवणाऱ्या बाईला दिलं. बादली विसळली, हापशीवरून भरून आणली आणि होती तिथेच ठेवली. हात धुवायला होईल म्हणून.

परीक्षक वेळेआधी आले. सुकेशिनीनं घाईत तीच बादली पेटीत ओतली. अंडं पोरांनी पळवलं असेल, असं तिला वाटलं. मग तिनं पळीनं लाल पाणी सोडलं. ते वर राहिलं नाही. सरळ खाली गेलं, आणि बघता बघता सगळी पेटी गुलाबी झाली.

परीक्षक तसे बरे गृहस्थ होते. हसून तिला म्हणाले, "काय बाई, समुद्रात मीठच टाकलं नाही?" लोक हसले. ती माझ्याकडे वळली. "मॅडम, मी टाकलं होतं जी. काल अंडं वर आलं होतं."

मला त्याच क्षणी समजलं. मुख्याध्यापक माझ्या शेजारी उभे होते. मी म्हणाले, "विसरली असशील. घाईत होतं तसं."

का म्हणाले? मुख्याध्यापक मला खाणार नव्हते. 'मीच ओतलं' म्हणायला किती वेळ लागतो? खिचडीच्या खोलीत मिठाची पिशवी होती, दहा मिनिटांत नवं पाणी झालं असतं. कधी वाटतं, कामात चूक न करणारी बाई म्हणून नाव होतं, ते जपलं. कधी वाटतं, तेवढाही विचार केला नव्हता. मग काय केलं होतं? दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं. पुढचं सव्वा वर्ष ती रोज माझ्यासमोर बसत होती. गोंदियाला कुणाची तरी पवनचक्की गेली.

काल देवरीच्या बसस्टँडवर ती भेटली. सोबत पाचेक वर्षांची लेक. अजून चिचगडलाच राहते म्हणाली. लेकीला म्हणाली, "ह्या माह्या मॅडम. ह्याइच्या समोर तुयी माय समुद्रात मीठच टाकाले भुलली होती." आणि खळखळून हसली.

मी विचारलं, "अकरावीला सायन्स का नाही घेतलंस?"

"भुलक्कड माणसानं कायले घ्यावं जी? घरी भाजीत मीठ टाकलं का नाही, तीनदा चाखून पाहतो. घरचे हसतेत." मग म्हणाली, "पण मॅडम, मले अजूनही ते अंडं वर आलेलं दिसते. डोकं कसं फसवते ना माणसाले?"

बस लागली. मी चढले.

१० जून. पहिल्या बसनं चिचगडला गेले. सुकेशिनी ओसरीत धान पाखडत होती. चहाचं विचारलं, मी नको म्हणाले. बादली मी ओतली होती, आणि ते मला तेव्हाच माहीत होतं, एवढं सांगितलं. बाकी काही जोडलं नाही. तिचं सूप दोन-तीनदा हललं, मग थांबलं.

"अंडं वर होतं?" तिनं विचारलं.

"वर होतं."

तिनं सूप खाली ठेवलं. मग लेकीला हाक मारून आतून बोलावलं, माझ्यासमोर बसवलं आणि म्हणाली, "मॅडम, आता हिले सांगा."

मी त्या पोरीला सगळं सांगितलं. अगदी सुरुवातीपासून.