खिशातली क्लिप

मैत्रिणींनो, आज सकाळी चारकोपला आमच्या सोसायटीसमोर डेब्रिजची ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉली जोडणाऱ्या पिनेला खालून क्लिपच नव्हती. ती ड्रायव्हरच्या किल्ल्यांच्या जुडग्यात लटकत होती.

"दादा, ती क्लिप लावा ना. खड्ड्यात पिन निसटेल."

"आजी, दर खेपेला कोण काढघाल करणार? काय होत नाय!" हसत तो निघून गेला.

ऐंशीच्या दशकात इथली घरं बांधली जात होती, तेव्हा आमचे हे इथेच ट्रॅक्टर चालवायचे. तेही असंच म्हणायचे. एकदा चढावर ट्रॉली सुटली. अडवायला खाली उतरले आणि तिच्याखालीच सापडले. क्लिप त्यांच्या शर्टाच्या खिशात होती.

तेव्हापासून दिसेल त्या ट्रॅक्टरवाल्याला सांगते. कुणीच लावत नाही. तुमचं तरी कुणी ऐकतं का गं?